विहिरीपासून भरतीच्या खुणेपर्यंत

पत्र क्र. १
रिसाली, भिलाई
१२ सप्टेंबर २०२३

धनंजय,

तुह्यं पत्र भेटलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मे महिन्यात कोकणातल्या आपल्या विहिरीच्या काठापासून समुद्राच्या भरतीच्या खुणेपर्यंत अठ्ठेचाळीस फूट होतं, अन् ऑगस्टात एकोणतीस. म्हणजे तीन महिन्यांत एकोणीस फूट जमीन गायब! बाप्पा रे! बत्तीस वर्षं मी स्टील प्लांटच्या सर्व्हे सेक्शनमधी काढली. भट्टीच्या पायापासून टाऊनशिपच्या नालीपर्यंत सारं मोजलं. एकोणीस फूट जमीन हरवल्याची नोंद माह्या हातून एकदाही झाली नाही.

फोन कावून करत नाही म्हून विचारलं तू. फोनवर तू वरडतो, मी वरडतो, अन् दुसऱ्या दिवशी दोघंही म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो. प्लांटमधी तोंडी गोष्टीले कोणी पुसत नव्हतं, तूही तिथंच वीस वर्षं होता, तुले माहीत आहे. म्हून लेखी. माह्या पत्रांले नंबर टाकून राहिलो, प्रत फाईलले लावून राहिलो. तूही लावजो.

आता तुह्या कारणांबद्दल. तू लिहितो, दक्षिणेकडे चार किलोमीटरवर जेटी झाली, ती वाळू अडवते. खाडीतून होडीच्या होड्या वाळू काढून राहिले. नदीवर धरण झालं, त्याच्यानं गाळ येत नाही. अन् वरून म्हणतो, दोन वर्षांआधी मी जी भिंत नकाशावर काढून देली, तिच्या पायाची वाळू निघून गेली, अन् भिंत जिथं संपते तिथून उत्तरेकडे विहीर अन् तुळसाबाईचं परसू कापल्या जाऊन राहिलं. वाह! चार किलोमीटरवरची जेटी तुह्या आंगणातली वाळू चोरते, अन् माही भिंत शेजारणीची जमीन खाते. घरासमोर साठ फूट भिंत, दगड किती वजनाचा, पाया किती खोल, सारं मी काढून पाठवलं. माही भिंत आपल्या हद्दीत आहे, अन् तिच्यामागं तुह्यं घर कोरडं आहे का नाही? आहे. मंग?

एक सरळ विचारतो. तुळसाबाईनं कुंपण सरकवलं का? मासे विकणारी बाई, कागद ना पत्र, अन् आपल्या विहिरीले लागून तिचं परसू. तू भोळा आहे, शिल्पा तुह्याहून भोळी. दोघंही हो म्हणत गेले असान.

आतापासून दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी विहिरीपासून भरतीच्या खुणेपर्यंत टेप लावजो. कापडी नाही, स्टीलचा. दोन साक्षीदारांच्या सह्या घेजो. जागा आपल्या दोघांच्या नावावर आहे हे ध्यानात ठेवजो.

तुहा भाऊ
देवराव

•

पत्र क्र. २
रिसाली
९ जानेवारी २०२४

धनंजय,

चार महिन्यांचे आकडे एकदमच पाठवले. सप्टेंबर तीस, ऑक्टोबर तेहतीस, नोव्हेंबर अडतीस, डिसेंबर एक्केचाळीस.

वाढली?

जमीन वाढली, धनू? काय भिजवलेली कणीक आहे का ती, झाकून ठेवली अन् फुगली? ऑगस्टात समुद्रानं एकोणीस फूट खाल्ली अन् डिसेंबरात बारा फूट वापस आणून देली! लेका, थाप मारायची तं मारायची, पण सर्व्हेवाल्या भावाले तरी नको मारू.

अन् चारही महिन्यांचे आकडे एकाच पेनानं लिहिलेले आहेत. शाई सारखी, हात सारखा. साक्षीदार एक शिल्पा अन् दुसरा कोणी प्रेमानंद. कोण हा प्रेमानंद? पंचायतीत शिपाई आहे म्हणतो. पंचायतीचा माणूस आपल्या विहिरीवर दर महिन्याले काय करून राहिला?

तू लिहिलं, पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढतात अन् हिवाळ्यात हळूहळू परत टाकतात, हे गावात लहान पोट्टंही जाणते. असन. मी गावातला पोट्टा नाही. मले एवढंच समजते की आपल्या मनासारखा आकडा आला नाही तं माणूस कारण शोधते. सेक्शनमधी असे किती आले अन् किती गेले. मी त्यांच्या समोर बसून त्यांच्याच हातानं पुन्हा मोजून घेतलं आहे.

ही सारी तयारी कशाची आहे ते मले आता दिसून राहिलं. आधी जमीन कमी झाली म्हणायचं, मंग ती कामाची राहिली नाही म्हणायचं, मंग एक कागद समोर ठेवायचा. ठेव, मी पाहतो.

देवराव

•

पत्र क्र. ३
रिसाली
४ मार्च २०२४

धनंजय,

दोन महिने झाले, तुह्यं एक अक्षर नाही. पण कागद आला बरोबर. शिल्पाच्या हस्ताक्षरातला पत्ता पाहून मले वाटलं, होळीचं बोलावणं असन. आत पंचायतीचा फॉर्म.

पूर्ण वाचला. मागच्या बाजूचं बारीक अक्षरही वाचलं. किनाऱ्याच्या एकवीस घरांले गावाच्या वर, माळावर जागा देणार. बदल्यात किनाऱ्याची जागा पंचायतीले द्यायची, ते तिथं केवडा अन् सुरूची झाडं लावणार. जागेच्या सगळ्या मालकांची सही पायजे, एकतीस मेच्या आत. उशीर झाला तं नाव यादीतून कटणार.

झाडं लावणार! समुद्रासमोरची जागा घ्यायची अन् कातळ द्यायचा, अन् तिथं फक्त झाडं लावायची? मले हॉटेलवाल्याचं नाव सांग. कोणीतरी आहेच, त्याच्याशिवाय एवढी घाई कोणी करत नाही.

तू बोलत नाही म्हून मी हर्षलले पाठवलं. हो, मीच पाठवलं, तुले न सांगता. पुण्याहून गाडी घेऊन गेला गेल्या रविवारी. तू घरी नव्हता, शिल्पानं त्याले जेवू घातलं, त्याचे आभार. सकाळी अकरा वाजता किनाऱ्यावरून त्यानं फोन केला. म्हणते, “पापा, यहाँ तो पूरा मैदान है! समुद्र लय दूर आहे. क्रिकेटची टीम उतरवा.” मी म्हटलं टेप लाव. विहिरीपासून पाण्यापर्यंत एकशे सत्तर फूट भरलं!

एकशे सत्तर. आता बोल.

शिल्पानं म्हणे त्याले सांगतलं की ओहोटी आहे, सायंकाळपर्यंत थांब. तो काय थांबणार, त्याची दुसऱ्या दिवशी ड्यूटी. अन् थांबून काय पाहायचं होतं? माह्या पोरानं डोळ्यानं पाहिलं अन् टेपनं मोजलं.

सही मी करून नाही राहिलो. फॉर्म फाईलले लावला.

देवराव

•

पत्र क्र. ४
रिसाली
२० मे २०२४

सौ. शिल्पास,

हे पत्र तुले लिहितो, कारण तुहा नवरा आता माह्याशी फोनवरही बोलत नाही. परवा तू फोनवर रडली. मी फोन ठेवला ते रागानं नाही. मले बाईमाणसाचं रडणं आयकल्या जात नाही, तुही जाऊ, वसू, होती तेव्हाही मी गच्चीवर निघून जायचो.

तू म्हणाली, “भाऊजी, जागेचं मरू द्या, माणसं वाचवा. पावसाळा लागला की आम्ही रात्रभर जागेच असतो.” वाचून, आयकून, सारं समजलं. पण मलेही काही सांगायचं आहे, अन् ते धनूले सांगू नको.

अठ्ठ्याण्णव साली आपण एलटीसीवर, प्लांटच्या प्रवासभत्त्यावर, कोकणात आलतो. तू नवीन नवरी होती. साऱ्यांले उलट्या झाल्या, आठवते? केळशेतच्या त्या पुळणीवर वसू चप्पल हातात घेऊन उभी राहिली अन् मले म्हणाली, “रिटायर झाल्यावर मले इथंच राहायचं.” तिच्यापायी ती जागा घेतली. धनूनं फक्त नाव जोडलं, कारण मी म्हटलं, दोघं भाऊ असले की कोणी लुबाडणार नाही.

मंग धनूनं नोकरी सोडली अन् तुम्ही गेले राहाले. वसू दर वर्षी म्हणायची, आता आपण. मी म्हणायचो, प्रमोशन होऊ दे. हर्षलचं कॉलेज होऊ दे. वरचा मजला चढू दे. तिले एकदाही नेलं नाही मी. तुम्ही तिथं तिच्या जागेत बारा पावसाळे काढले, मले कधी कधी तुमचा राग येते, अन् तो कुठी ठेवावा समजत नाही.

आता त्या जागेवर केवडा लावाले देऊन टाकू म्हणता. कशी देऊ? माह्यापाशी तिचं दुसरं काय आहे? इथं प्लांटचं क्वार्टर सोडलं, तिथल्या भिंती कंपनीले वापस गेल्या. हे रिसालीचं घर तिच्या माघारी पुरं झालं.

तेव्हा एकतीस मेची भीती मले दाखवू नको. सरकारी तारखा पुढं ढकलल्या जातात. धनूले म्हणजो, एकदा खरं बोल, मी पाहतो काय करायचं ते.

तुह्या भाऊजीचा आशीर्वाद.
देवराव

•

पत्र क्र. ५
रिसाली
१८ जुलै २०२४

धनू,

फॉर्मवर सही केली. आज सकाळी सिव्हिक सेंटरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट केला. तारीख निघून गेली हे मले ठाऊक आहे. तरी केला.

काय झालं ते सांगतो. भिलाई-३ चे कृष्णराव आठवतात ना, रेल्वेतून रिटायर झाले ते, भीमजयंतीच्या मिरवणुकीत सर्वात पुढं राहायचे. त्यांची शिवनाथ नदीच्या काठावर भाजीची बाडी आहे, वांगे, भेंडी. सोमवारी आले अन् म्हणाले, “देवरावजी, टेप घेऊन चला. शेजाऱ्यानं माही जमीन दाबली.” मले काय, असं काम म्हटलं की बरंच वाटते. छत्री घेतली अन् गेलो.

तिथं गेल्यावर पाह्यलं, वरच्या अंगाले एका फार्महाऊसवाल्यानं यंदा नदीले दगडी भिंत घातली आहे. चांगली भिंत. खोटं नाही सांगत, मी तिच्यावर हात फिरवला, म्हटलं काम येते याले. कृष्णराव म्हणाले, “भिंत पाहू नका, भिंतीच्या खालती पाहा.”

पाह्यलं. नदी भरून चालली होती. भिंतीवर पाणी आपटे, भिंतीले काही होईना. तिथून वळून ते भिंतीच्या टोकाशी यायचं अन् जिथं दगड संपतो तिथं मातीत घुसायचं. कृष्णरावच्या भेंडीच्या दोन ओळी माह्यासमोर गेल्या. आवाजही झाला नाही रे. काठ आधी भेगाळला, मंग खाली बसला, मंग तिथं पाणी होतं. टेप माह्या हातातच राहिला.

मी म्हटलं, “शेजाऱ्यानं दाबली नाही, कृष्णरावजी. त्याच्या भिंतीनं नेली.” ते म्हणाले, “मंग तेच तं सांगून राहिलो दोन महिन्यांपासून! तो म्हणते, माही भिंत माह्या हद्दीत आहे.”

त्याच्या तोंडी माह्यंच वाक्य होतं, धनू. मी तिथं बांधावर खाली बसलो. कृष्णरावले वाटलं मले चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

घरी येऊन फाईल काढली. माह्याच नकाशावर पाह्यलं. साठ फूट भिंत घरासमोर, अन् तिच्या उत्तर टोकापासून विहीर अकरा फूट, विहिरीमागं तुळसाबाई. जिथं भिंत संपते तिथून लाट कुठी जाईन हा प्रश्न मी काढतानी एकदाही विचारला नाही. प्लांटमधी आमची भिंत जमीन धरून ठेवाची. समोरून लाट येत नव्हती.

मंग आकडे काढले. मे अठ्ठेचाळीस, ऑगस्ट एकोणतीस, डिसेंबर एक्केचाळीस. मी तुह्या मागं लागलो की बारा फूट वापस कशी आली. सात फूट वापस आलीच नाही, हे मले दिसलं नाही. बत्तीस वर्षं सर्व्हेत काढली, अन् साधी वजाबाकी केली नाही! तुले खोटं पाडायचं होतं म्हून केली नाही. अन् हर्षलचा एकशे सत्तर. तू भरतीची खूण मोजत होता, मी त्याले ओहोटीचं पाणी मोजाले लावलं, अन् दोन्ही आकडे एका कागदावर ठेवून तुले चोर ठरवलं. माह्या हाताखालच्या पोऱ्यानं असं केलं असतं तं मी त्याले सेक्शनमधून काढलं असतं.

मले फोन कर. शिव्या दे. पण कर.

भाऊ

•

पत्र क्र. ६
रिसाली
११ ऑगस्ट २०२४

धनू,

फोन शिल्पानं केला. तिनं सारं सांगतलं, एकदाही रडली नाही. रडली असती तं बरं झालं असतं.

तुले ठाऊक असलेलं मी पुन्हा लिहून राहिलो, कारण मले ते कागदावर पायजे. चोवीस जुलैले पुनवेची मोठी भरती होऊन तीन दिवस झाले होते, पण वारा पडला नव्हता. पहाटे विहीर गेली. काठाचे दगड आधी, मंग पूर्ण. तिथून पाणी भिंतीच्या मागं शिरलं अन् स्वयंपाकघर खालून पोखरलं. दुपारपर्यंत स्वयंपाकघर अन् मागची खोली बसली. माही भिंत अजून उभी आहे म्हणे. तिच्यामागं घर नाही, अन् ती उभी आहे.

तुळसाबाईचं सारंच गेलं. तू तिले ओढून काढतानी तुह्या पायावर चौकट पडली. मी तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते फाईलले लावलेलं आहे, पहिलंच पत्र. काढून फाडणार होतो. नाही फाडलं. राहू दे तिथं.

शिल्पा म्हणाली, माही सही त्याच दिवशी पोचली. प्रेमानंदनं शाळेत आणून देली, घर गेल्यावर तुम्ही तिथंच आसऱ्याले होते, बाकावर. तू लिफाफा उघडला, सही पाहिली, अन् परत लिफाफ्यात घातली. अन् मी या प्रेमानंदवर संशय घेतला होता, जो एवढ्या पावसात तुमच्यासाठी चिखल तुडवत आला.

यादी बंद झाली. एकोणीस घरांले जागा भेटली. तुह्यं अन् तुळसाबाईचं राहिलं. तुह्यं माह्यापायी. तिचं कागद नव्हता म्हून.

मी तुले म्हणणार होतो की इकडे ये, वरचा मजला रिकामाच आहे. शिल्पानं आधीच सांगतलं, “ते येणार नाहीत भाऊजी. विचारूही नका.” नाही विचारत. त्या गावात तुही बारा वर्षं आहेत, ती उचलून रिसालीत कशी आणशीन?

माह्याशी बोलू नको पायजे तं. पण पायाले डॉक्टर दाखवजो.

भाऊ

•

पत्र क्र. ७
रिसाली
६ ऑक्टोबर २०२४

धनू,

शिल्पाकडून समजलं, नोव्हेंबरात पंचायत दुसरी यादी करणार. जागा दोनच उरल्या, अन् मागच्या ओळीतल्या घरांचे धरून अर्ज नऊ. उशीर कावून झाला हे लेखी सांगा म्हणतात. तू सांगणार नाही, मी तुले ओळखतो. भावाचं नाव पंचायतीत घेणार नाही, अन् जागा घालवशीन.

म्हून मी लिहिलं. सोबत जोडलं आहे.

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत केळशेत

विषय: श्री. धनंजय यांच्या अर्जास झालेल्या विलंबाबाबत.

महोदय,

मी, देवराव, निवृत्त सर्वेक्षक, राहणार रिसाली, भिलाई, त्यांच्या किनाऱ्यावरील जागेचा सहमालक व त्यांचा भाऊ आहे. आपला फॉर्म मला मार्च महिन्यात मिळाला. मी तो वाचला होता व मला समजला होता. मुदतीत सही न करण्याचे कारण एवढेच, की माझा माझ्या भावावर विश्वास नव्हता. त्याने पाठवलेले सर्व आकडे बरोबर होते. माझ्या मुलाने घेतलेले मोजमाप ओहोटीचे होते व ते ग्राह्य धरू नये. भावाची यात कोणतीही चूक नाही.

तसेच, घरासमोरील दगडी भिंत माझ्या नकाशाप्रमाणे बांधली गेली. त्या भिंतीच्या टोकापासून उत्तरेकडील किनारा कापला गेला व श्रीमती तुळसाबाई यांचे घर त्यामुळे गेले, असे माझे तांत्रिक मत आहे. मी नकाशा स्वतःच्या सहीने जोडत आहे. त्यांच्यापाशी जागेचा कागद नाही. हे पत्र त्यांचा कागद समजावे. दोनपैकी एकच जागा देता येत असेल, तर ती आधी त्यांना द्यावी. माझी याला हरकत नाही. माझ्या भावाला विचारले तर तोही हेच म्हणेल, याची मला खात्री आहे.

किनाऱ्यावरील आमच्या जागेत आता जे काही शिल्लक असेल ते पंचायतीने झाडांसाठी घ्यावे. शिल्लक किती, हे माझा भाऊ मोजून सांगेल. तो सांगेल तो आकडा मला मान्य आहे.

आपला,
देवराव

धनू, याच्यावर तारीख टाकली नाही अन् पंचायतीले पाठवलंही नाही. तिथल्या गोष्टी तू पाह्यल्या, मी नाही. काही चुकलं असन तं खोड, काही राहिलं असन तं लिही, अन् प्रेमानंदच्या हाती दे. मले पुन्हा दाखवायची गरज नाही. खाली माही सही आहेच.

भाऊ